जंतूंच्या शेख मॅडम

शेख मॅडम माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, हातांकडे बघतात. नगरच्या आमच्या हॉस्पिटलात त्या जंतू तपासण्याच्या लॅबच्या प्रमुख, मी आयसीयूत सिस्टर. इतकी वर्षं एकत्र काम करतोय, पण बाजारात मी समोर आले तर त्या मला ओळखतील याची खात्री नाही. हात पुढे केला तर ओळखतील. "नखं वाढलीत, सिस्टर," असं म्हणतील.

आमच्या एका सर्जनच्या मुलीचा साखरपुडा होता. मुलानं अंगठी घातली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी मॅडम पुटपुटल्या, "छान आहे. फक्त त्या खड्याखाली साबण पोचायचा नाही."

दुसरा ध्यास गोळ्यांचा. गेटवरच्या वॉचमनला सर्दी झाली. मेव्हण्याच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल घरात पडल्या होत्या, त्या त्यानं घेतल्या. इथवर ठीक होतं. पण हे त्यानं मॅडमना सांगितलं.

"मेव्हण्याच्या ब्रशनं दात घासता का?"

"न्हाई, मॅडम."

"मग गोळी कशी चालली? सर्दीला ती लागूच पडत नाही. सर्दी आहे तिथंच आहे. पोटातले साधे जंतू मेले, चिवट तेवढे उरले. आता रान त्यांना मोकळं."

वॉचमननं पोटावर हात ठेवला. तेव्हापासून मॅडम दिसल्या की तो शिंकसुद्धा दाबतो.

मोठ्या डॉक्टरांनाही सूट नाही. कोणी नुसतं सावधगिरी म्हणून भारी इंजेक्शन लिहिलं, की मॅडम जिना चढून वर येणार. "शाळा काढलीय आपण जंतूंची. रोज औषध दाखवतो, रोज त्यातले काही तगतात. तगलेला दुसऱ्याला शिकवतो. मग सगळे आपल्याच हातांवर बसून या खाटेवरून त्या खाटेवर जातात."

"मॅडम, माझ्यासमोर पेशंट आहे," एकदा आमचे सर्जन म्हणाले. "तुमच्यासमोर नुसती काचपट्टी."

हेही खोटं नव्हतं. त्या दिवशी मॅडम तशाच जिना उतरल्या.

मग कोल्हारच्या आजी आल्या. पडून खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन झालं, लघवीसाठी नळी ठेवली, आणि काही दिवसांत थंडी वाजून ताप चढला. नेहमीची औषधं दिली, उतरेना. लॅबचा रिपोर्ट घेऊन मॅडम स्वतः आल्या. एकामागून एक औषधाच्या नावापुढे 'लागू नाही'. एकच जुनं औषध चालणार होतं, आणि ते मूत्रपिंडाला त्रास देणारं. मॅडम भांडतील म्हणून सगळे तयार होते. त्या एवढंच म्हणाल्या, "शिकले."

आजींना आयसीयूतल्याच एका वेगळ्या खोलीत हलवलं. दोन्ही मुलगे काचेबाहेर उभे.

"गाऊन घाला, हातमोजे घाला, निघताना हात धुवा," मॅडम त्यांना म्हणाल्या. "काही होत नाही. जा आत."

"घरी ल्हान पोरं हायेत, मॅडम," थोरला म्हणाला. दोघं तिथंच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सलाईन बदलायला गेले, तर गाऊन आणि मास्क घातलेलं कोणीतरी खाटेशेजारी बसलेलं. डोळ्यांवरून कळलं, मॅडम होत्या. लॅबच्या माणसाचं त्या खोलीत काहीच काम नसतं.

"तू कोनाची गं?" आजी विचारत होत्या.

"शेखांची. खर्ड्याची."

"आई हाय?"

"नाही."

"नवरा?"

"लग्न नाही केलं."

"मंग घरी तुझ्याशी बोलतं कोन?"

मॅडमनी थोडा विचार केला. "फोन येतात," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट विचारायला."

आजींनी हळहळ वगैरे काही केली नाही. "मंग ऐक," म्हणाल्या, आणि आपल्या एका मारक्या म्हशीची गोष्ट सुरू केली. पुढे रोज दुपारी ती म्हैस चालू असायची. मॅडम खाटेशेजारी बसून ऐकत.

ताप हळूहळू उतरला. मूत्रपिंड जरा दुखावलं, पण आजी वाचल्या. घरी निघताना त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. "रईवारी ये. लई सांगायचं ऱ्हायलंय."

"येईन," मॅडम म्हणाल्या. पेशंटला आम्ही सगळेच असं म्हणतो.

सोमवारी मॅडम आयसीयूत आल्या, तेव्हा पन्नाशीच्या त्या बाईंचं डोकं तेलानं चपचपीत होतं. केस मागे ओढून घट्ट वेणी घातलेली, टोकाला लाल रिबीन. डॉक्टरांनी बघितलं आणि नजर फाइलीत घातली. मी बघत राहिले.

"आजींनी घातली," मॅडम म्हणाल्या. "समोर बसच म्हणाल्या. फार ओढून घातलीय, रात्रभर डोकं दुखलं."

"मग सोडायची ना, मॅडम."

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला.