गल्लीच्या वतीनं माफी

राजेशमअण्णांनी माझी पहिल्या भेटीतच माफी मागितली. मी नवी नवरी होते, सांगोल्याहून आलेली, एका हातानं शालू सावरत गल्लीच्या तोंडाशी जीपमधून उतरत होते. अण्णा कुठूनसे पुढं आले, हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा ताई. गटारीवर झाकण बसवतो म्हनून गेले ते अजून आले न्हाईत. जरा डाव्या अंगानं या." मला वाटलं, सासरचे कोणी वडीलधारे असणार. मी वाकून नमस्कार केला. नंतर कळलं, आमच्या घराशी त्यांचा काही संबंध नाही. समोरच्या ओळीत राहतात, आणि गल्लीत येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाची गल्लीच्या वतीनं माफी मागतात.

सिलिंडरवाल्याची मागतात, मतदार यादी तपासायला आलेल्या बाईंची मागतात, रस्ता चुकून आत शिरलेल्या रिक्षावाल्याचीही मागतात. पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून माफी, कुत्री भुंकतात म्हणून माफी, मागांचा आवाज फार म्हणून माफी. आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. टॉवेल विणणारे तीन कारखाने दिवसभर खडखडत असतात, त्यामुळे ही माफी अण्णांना ओरडून मागावी लागते. शेवटी ठरलेलं वाक्य, "शरमेची गोष्ट हाय, पर काय करनार."

शरम खरं तर आम्हाला वाटायची. माझा भाऊ यायचा तेव्हा मी त्याला मागच्या बोळातून घरी आणायची. एकदा चुकून पुढून आला, तर अण्णांनी त्याला नाट्यगृह लांब असल्याबद्दल अर्धा तास थांबवून ठेवलं. भाऊ शेळ्यांचा व्यापारी. त्यानं उभ्या जन्मात नाटक पाहिलेलं नव्हतं. घरी आल्यावर मला विचारतो, "तुमचं कुनी गेलंय का नाटकात?"

अण्णा उंच, काटकुळे, खांद्यावर कायम टॉवेल. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि टेम्पोवाल्या रफिकभाईंशी दखनी. त्यांचेही चार माग होते. बायको गेली, मुलगा श्रीनिवास कॉम्प्युटर शिकून पुण्याला गेला, तेव्हा त्यांनी माग भंगारात घातले. पत्र्याचं शेड रिकामं पडलं. मागाशेजारी आयुष्य काढल्यानं कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. त्यामुळे बापलेकांत काय चाललंय हे गल्लीला कायम ठाऊक असायचं. कपडे वाळत घालताना मीही ऐकायची. ऐकू नये असं वाटायचं आणि ऐकायची.

असंच एकदा ऐकलं. अण्णा म्हणत होते, "घरून काम हाय म्हनतोस, तर हितं येऊन कर की. मेघनाला बी आन." मेघना म्हणजे सून. श्रीनिवास हसला. म्हणाला, "अण्णा, तिथं आहे काय? तिला संध्याकाळी जायला एक ठिकाण आहे का? पोराला एखादा क्लास? एक लायब्ररी?" अण्णा "व्हय व्हय" म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, आता हे श्रीनिवासचीही माफी मागणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेड धुवायला काढलं. मागांच्या तेलाचे डाग जाईनात, तर त्यावर चटया टाकल्या. दोन बाकडी आली, तीन वर्तमानपत्रं सुरू झाली. मग दर शनिवारी संध्याकाळी गाणं. पहिल्या शनिवारी रफिकभाईंनी कव्वाली म्हटली. बुद्धविहारामागच्या कांबळे गुरुजींनी पेटी आणली. शेजारचे माग चालूच होते, त्यामुळे गुरुजींची पेटी कुणालाच ऐकू आली नाही. तरी लोक बसले. अण्णा दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाची पंखा एकच असल्याबद्दल माफी मागत होते.

आणि मग गल्ली बदलायला लागली. शनिवारच्या गर्दीसाठी एक चहाची टपरी आली. टपरीशेजारी जुन्या पुस्तकांचा गाडा लागला. एका बाईंनी वरच्या मजल्यावर भरतनाट्यमचा क्लास काढला. महापालिकेला काय वाटलं कोण जाणे, गटारीवर झाकणही आलं. शेवटी सात रस्त्याकडचा एक बिल्डर आला. त्यानं कोपऱ्यावरच्या बंद कारखान्याच्या जागी इमारत उभी केली आणि मोठा फलक लावला, 'सांस्कृतिक वातावरणात टू बीएचके'. अण्णांनी फलक वाचला आणि रात्रीचं जेवण केलं नाही. आसपासची भाडी वाढली तेव्हा ते भाडेकरूंच्या दारोदार गेले. "माझ्यामुळं झालं. गानं ठेवलं नसतं तर हे बेनं कशाला आलं असतं हितं?"

पण येता-जाता त्या इमारतीकडं मान वर करून बघायचे मात्र ते. का, ते फोनमुळे आम्हाला माहीत होतं. श्रीनिवासनं फ्लॅट बघायला यायचं कबूल केलं होतं. मेघना येणार होती, तिचे आईवडीलही. पसंत पडलं तर श्रीनिवास कायमचा परत येणार होता. नातू इथल्या शाळेत जाणार होता. कधी येणार, तेवढं मात्र आमच्या कानावर आलं नव्हतं.

ते आले सोमवारी, म्हणून अण्णांनी शनिवारची वाट न बघता पाहुण्यांपुरतं गाणं त्याच दिवशी ठेवलं. मेघनाला आवाजाचा त्रास होतो, हे अण्णांच्या मनात. म्हणून त्यांनी तिन्ही कारखान्यांच्या मालकांना गाठलं आणि हात जोडले, "संध्याकाळी दोन तास माग बंद ठेवा. पावन्यांना गानं नीट ऐकू येऊ दे." मालकांनी ठेवले. एवढं सगळं चोख केलं, फक्त गल्लीला सांगायचं राहिलं. सांगायला लाज वाटली असणार.

आता आमच्याकडची रीत अशी, की गल्लीत कुणी गेलं तर तिन्ही कारखान्यांचे माग एकदम बंद करतात. लाईट गेली तरी माग थांबतात, पण तेव्हा अंधारही होतो. दिवे चालू आणि माग गप्प, याचा आमच्या गल्लीत एकच अर्थ आहे.

मी कॉलेजच्या ऑफिसातून सुटून येत होते. गल्लीच्या तोंडाशीच माझे पाय थांबले. दिवे लागलेले, आवाज नाही. टपरीवाला म्हणाला, "अण्णांच्या दारात गाडी आलीय पुण्याची. श्रीनिवास आलाय." झालं. पुण्याहून मुलगा सहकुटुंब आलाय, म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं? मी घरी पळाले, केसातला गजरा काढला आणि चहाचं आधण ठेवलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, चहा शेजाऱ्यांनीच न्यायचा असतो.

किटली घेऊन पोचले तर दारात ही गर्दी. रफिकभाईंच्या टेम्पोत बांबू दिसत होते. ते डोळे पुसत म्हणत होते, "आज सुबू तो मेरे सात चाय पिये थे अन्ना." गल्लीतली म्हातारी लक्ष्मक्का मेघनाच्या गळ्यात पडून तेलुगूत आक्रोश करत होती. मेघनाला तेलुगू येत नाही. ती लक्ष्मक्काची पाठ थोपटत होती. तिच्या वडिलांना वाटलं, स्वागताची काही पद्धत असेल. ते हसतमुखानं हात जोडून म्हणत होते, "या, या. फार आनंद झाला." गल्लीनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते दोन पायऱ्या मागे सरकले.

श्रीनिवास बाहेर आला तसा कुणीतरी त्याला छातीशी धरलं, "रडू नको बाळा." त्याला काही कळेना.

अण्णा होते शेडमध्ये, खुर्च्या पुसत. ते बाहेर आले आणि आपल्याच दारातली गर्दी बघून जागच्या जागी थांबले. खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला, मान खाली घातली आणि शेजाऱ्याला विचारलं, "कोन गेलं?"

शेजारी मी होते.

मग सगळ्यांनी वळून पाहिलं. लक्ष्मक्काचा हुंदका अर्ध्यावर थांबला. अण्णांनी गर्दीकडं पाहिलं, बांबूंकडं पाहिलं, व्याह्यांकडं पाहिलं. चेहरा लालबुंद झाला. हात जोडून म्हणाले, "माफ करा. मी हाय अजून."

त्या संध्याकाळी गाणं झालं. सांत्वनाला आलेले सगळे शेडमध्ये बसले, कारण घरी परत जायला कुणाला तोंड नव्हतं. माझा चहाही संपला. शेड एवढं कधीच भरलं नव्हतं, आणि माग बंद असल्यानं गुरुजींची पेटी पहिल्यांदाच ऐकू आली. बरी वाजवतात. श्रीनिवास दाराला टेकून सगळ्यांकडं बघत होता. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, जमलं अण्णांचं.

पुण्याची मंडळी सकाळी निघून गेली. फ्लॅट बघितलाच नाही.

चार दिवसांनी मी वर्तमानपत्र वाचायला म्हणून शेडमध्ये गेले. अण्णा बाकड्यावर बसले होते. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "जाताना पोरगा गळ्यात पडला माझ्या. म्हनला, अण्णा, काल माझी काळजी मिटली. मला वाटायचं तुम्ही इथं एकटे. तुमच्यासाठी केवढी माणसं धावली. तुम्हाला इथं काही कमी नाही. आता आम्ही तिकडं निवांत." मग वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "लई खूश होता."

चांगुलपणाचीही लाज वाटू शकते, हे मला त्या बाकड्यावर कळलं. आम्ही सगळे किती लगबगीनं धावलो होतो. मी तर गजरासुद्धा काढला होता. थोडा उशीर केला असता, तर काय बिघडलं असतं?

शेजारचे माग खडखडत होते. अण्णा माझ्याकडं सरकले आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, त्यामुळे मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"ताई, दिवाळीला येतो म्हनलाय. तवा दोन दिवस कुनी माझ्या दारात येऊ नका. मी एकटाच हाय, असं दिसू दे त्याला."