पोखऱ्याच्या मोहिमेआधी सर केलेल्या सात उंबरठ्यांची हकीकत

श्री. केळबागायतीचे रक्षण करणाऱ्या ग्रामदेवतेस नमन करून, आणि मौजे सांडोर, परगणे वसई, येथील यच्चयावत नारळांस साक्ष ठेवून, जे घडले ते पदरचे काही न घालता (घातलेच तर मूठभर) येथे लिहिले आहे. वाचणाराने चित्त स्थिर करावे आणि मध्येच मोबाइल हाती घेऊ नये.

मास वैशाख, शाळांस सुट्टी लागलेली. ते समयी नववीचा गड फत्ते करून आलेल्या संपदाबाईसाहेब यांचे मनात ऐसे आले की, आपण दर्यालगतची माणसे, दर्या नित्य पाहिला, आता बर्फाचा डोंगर पाहावा. आणि तो खुष्कीच्या मार्गे, घरच्या गाडीत बसून, सरहद्द ओलांडून, नेपाळात पोखरा येथे पाहावा. मग तीन दिवस नकाशावर बोट फिरवून मार्ग मुक्रर केला: नाशिक, धुळे, इंदूर, झांशी, लखनौ, गोरखपूर, आणि सोनौलीच्या नाक्यावरून पलीकडे. तीर्थरूप प्रल्हादराव, मुंबईच्या कचेरीतील मनसबदार, यांस बारा रोजांची रजा मंजूर जाहली. पाच रोज जाण्याचे, पाच येण्याचे, आणि डोंगराच्या वाट्यास अवघे दोन. मातोश्री विनयाबाईंनी, सरहद्दीवर नुसते आधार कार्ड दाखवून भागत नाही म्हणून, मतदार ओळखपत्रांचा तलास लाविला आणि ती तांदळाच्या डब्याखालून जेरबंद करून आणिली. ऐसी सर्व सिद्धता जाहली, आणि मग आजीसाहेब धोंडूबाई यांनी तोंड उघडिले.

आजीसाहेबांचे फर्मान जाहले की, "लांब जायचं तर नातलगांच्या साती घरी सांगून जायचं. केळ्यांची फनी द्यायची, पानी प्यायचं, मंग निघायचं."

हे ऐकताच प्रल्हादरावांचा चेहरा उतरला. कारण गतसाली उज्जैनची मोहीम याच रिवाजाने निघाली, ती तीन घरी चहा, चौथ्या घरी जेवण, आणि पाचव्या घरी "आता कुठं उन्हाचे जाता" म्हणून मुक्काम, ऐसे करीत दोन रोजांत विरारच्या पुढे गेली नाही, आणि तेथूनच माघारी फिरली. आता पुन्हा दोन रोज खर्ची पडले तर डोंगर संपला. प्रल्हादरावांनी अर्ज केला की, "आई, फोन करतो ना सगळ्यांना." तेव्हा आजीसाहेबांनी ऐसे पाहिले की अर्ज जागीच दाखल-दफ्तर जाहला.

मग संपदाबाईसाहेब उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी जाते. आधीच्या रविवारी. साती घरी."

"कर्त्या मानसानं जायचं अस्ते," आजीसाहेब वदल्या. "पोराटोरांनी न्हाय."

"मार्ग कुणी ठरवला? बाबांच्या रजेच्या मागे कोण लागलं? गाडीचे कागद कुणी लावले? मग कर्ती कोण झाली?"

विनयाबाई भेंडी चिरता चिरता थांबल्या. अखेर तहाची कलमे ठरली ती ऐसी की, एका दिसात सातही घरे व्हावी, आणि कोणाचेही तोंड वाकडे होऊ नये. एकाही घरून कुरकुर आली तर निघण्याच्या दिवशी सगळ्यांनी नेहमीप्रमाणे दारोदार जावे. म्हणजे डोंगरही गेला आणि संपदाबाईंचा शब्दही गेला.

रविवारी प्रातःकाळी राजेळी केळ्यांच्या सात फण्या पिशवीत भरून स्वारी निघाली. बंधुराज जितेश, लायसन्सवाले, हे स्कूटरचे सारथी. त्यांस सक्त ताकीद होती की, कोणत्याही घरी हेल्मेट उतरवू नये. कारण हेल्मेट घातलेल्यास चहाचा आग्रह करणे कोणासही साधत नाही. या एका युक्तीने उमेळे, पापडी, निर्मळ ऐसी ठाणी पाणी पिऊन, नमस्कार करून, "येतो हं काकी" म्हणून भराभर हाती आली. परंतु आगाशीस तळलेल्या बोंबलांचा वास दारापर्यंत आला, आणि सारथीराजांनी कोणतीही झुंज न देता हेल्मेट उतरविले. तेथे दीड तास कामी आला. बाईसाहेबांनी पायरीवर उभे राहून "दादा, तुला पोखऱ्याला डिकीत बसवीन" ऐसी धमकी दिली, तेव्हा सुटका जाहली. मग विरारची दोन घरे घेतली.

सातवे ठाणे तुळिंज, तिसरा मजला. येथे आत्याबाई रचना, म्हणजे आजीसाहेबांची सख्खी लेक, दारातच उभ्या. पिशवीत एकच फणी उरलेली त्यांनी पाहिली, आणि नजर बदलली.

"सगळ्यांकडं जाऊन झालं वाटतं. लेकीचं घर शेवटी?"

"आत्या, इथून परत घरीच जायचं म्हणून..."

"असू दे गं. आम्ही काय, बिल्डिंगवाले. बागेतली माणसं आधी. आईला सांगते फोन करून, फणी पोचली म्हणून."

हा फोन गेला असता तर सर्व बुडाले असते. मग बाईसाहेबांचा हात पाठीवरच्या दप्तरात गेला, आणि शाळेतून येताना दार उघडायची, केळीच्या वाळक्या सालीच्या, म्हणजे सोपट्याच्या, दोरीत ओवलेली घरची चावी हाती लागली. आजवर घर बंद करून कोठे जाणे जाहले की चावी शेजारच्या हिल्डाबाईंकडे जात असे. वीस वर्षांत ती लेकीकडे गेली नव्हती, आणि का नाही हे कोणी विचारले नव्हते. बाईसाहेबांनी चावी आत्याबाईंच्या तळहातावर ठेविली.

"म्हणून शेवटी आले. बारा दिवस बाग तुझ्याकडे. केळींना एकाआड एक दिवस पाणी."

आत्याबाई बराच वेळ दोरी चाचपत राहिल्या. मग जितेशरावांस म्हणाल्या, "तू ते डोक्यावरचं काढणार आहेस की नाही?" त्यांनी काढिले. बाईसाहेबांनी या वेळी डिकीचे नाव काढिले नाही.

दिवेलागणीस स्वारी सांडोरास परतली तो आत्याबाईंचा फोन आधीच येऊन गेला होता. आजीसाहेब ओटीवर बसलेल्या.

"चावी कोनला इचारून दिली?"

कोणासही विचारले नव्हते. प्रल्हादराव घसा खाकरून मध्ये पडू लागले, तो आजीसाहेबांनी हात वर केला, आणि पदराने डोळ्यांची कड पुसून म्हणाल्या, "तू गप रे. कर्ती मानसं इचारत बसत न्हाईत."

येणेप्रमाणे सात उंबरठे एका दिवसात, त्यांपैकी अडीच तास चहापाण्यात खर्ची घालून, फत्ते जाहले. पुढल्या शनिवारी पहाटे गाडी निघाली ती थेट नाशिकच्या वाटेस लागली, वाटेत कोठेही चहा जाहला नाही. पुढल्या आसनी, मांडीवर नकाशा घेऊन, संपदाबाईसाहेब. गाडी हाकणाऱ्या प्रल्हादरावांच्या शेजारच्या त्या आसनावर आजवर आजीसाहेबच बसत. त्या आपण होऊन मागे बसल्या, हे येथे नोंदून मोहोर केली.