केळी धरलेला माणूस

"अगो, सिनेमान घरां बुडतत, घरां!"

काळाचौकीच्या चाळीत लहानपणी हा आवाज आला, की सुचित्रा टीव्हीचा आवाज घालवून नुसत्या चित्रांवर भागवायची. आवाज तळमजल्यावरच्या दत्तूआबांचा. आता ती गल्लीतल्याच शाळेत सातवीला मराठी शिकवत होती, आणि आबा पालक समितीचे अध्यक्ष झाले होते. नात अपेक्षा तिच्याच वर्गात.

"पुस्तकातलो धडो सिनेमा लावून शिकवतंस म्हणे. आज बघतंय. पटला नाय तर पडदो बंद!" असं बजावून आबा छत्रीसकट शेवटच्या बाकावर बसले.

सुचित्राने शनिवारचे सगळे तास मागून घेतले होते. तिने एक जुना, काळापांढरा खुनाचा सिनेमा लावला.

"कहाणीत वाटेवर विहीर दिसली, की पुढे कोणीतरी तिच्यात पडतंच. तिला म्हणायचं पूर्वसूचना. पडद्यावरही उगाच काही नसतं. नीट बघा आणि खुनी आधीच ओळखा."

"बाई, थांबवा!" स्वप्नील ओरडला. "तो मागे केळी घेऊन उभाय ना, तोच!"

नायकाच्या मागे एक सडपातळ, मिशाळ तरुण केळ्यांचा घड धरून थेट कॅमेऱ्यात बघत होता.

"विकत पण नाय, खात पण नाय," अपेक्षा म्हणाली. "फुल डाऊट आहे."

पुढे लग्न आलं, बँडवाल्यांत तोच. अंत्ययात्रा आली, तिरडीला खांदा द्यायला तोच.

"खून करून खांदा पण देतो! कसला डेंजर!"

मुलं बाकांवर चढली. कोर्टात तर तो पहिल्या रांगेतून उठला, त्याने तोंड उघडलं, आणि दृश्य तिथेच तुटलं. खुनी निघाला वकील.

"चीटिंग!" वर्ग खवळला. "मग तो कशाला होता?"

सुचित्राने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. वर्षभर मिनतवाऱ्या करून मिळवलेला प्रोजेक्टर कपाटात चालला, हे तिला दिसत होतं. पण मुलांना खोटं कसं सांगायचं?

"चुकलं माझं. कधीकधी काही उगाचही असतं. तो कोणीच नाही रे. गर्दीतला एक माणूस."

मागे छत्री आपटली. आबा उभे होते, कान लालभडक.

"कोणीच नाय? चार दिस गिरणीत खाडो केलो तेच्यासाठी!"

अख्खा वर्ग मागे वळला.

"आजोबा, तुम्ही?" अपेक्षाचा आ मिटेना.

"कोर्टात माका डायलॉग होतो गो!" आबांचा आवाज कापरा झाला. "'साहेब, मी पाहिलंय त्याला!' साक्षीदार होतंय मी. मेल्यांनी तोच कापलो."