भांडण अपेक्षित होतं

"आज संध्याकाळी नवी आवृत्ती बाहेर पडणार आणि एकही चाचणी नापास होणार नाही!" हृषीकेशनं सकाळी चहाचा कप उंचावून जाहीर केलं. त्या क्षणी कूलरसुद्धा आदरानं गप्प झाला. वीज गेली होती.

हृषीकेश काय काम करतो हे सोलापुरात त्याच्या घराबाहेर कुणाला कळत नसे. घरातही कळत नसे, पण पगार येत असल्यामुळं कुणी विचारत नसे. तो 'मागोवा' नावाचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. तुम्ही काही लिहा, खोडा, पुन्हा लिहा. मागोवा आधीचं सगळं जपून ठेवतं आणि कुणी काय बदललं तेही सांगतं. मात्र दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले, की ते हात टेकतं आणि म्हणतं, 'इथं भांडण आहे. कुणाचं ठेवू, कुणाचं नाकारू?' ते भांडण त्याला बरोबर ओळखता येतं ना, हे तपासायचं काम हृषीकेशचं. थोडक्यात, पगारी भांडणं लावायची.

या चाचण्यांमधल्या प्रतींना कुणी 'अ' आणि 'ब' अशी नावं देतं. हृषीकेशला कल्पकतेचा झटका आला. त्यानं शेंगाचटणीची कृती घेतली. मूळ प्रतीत 'तिखट अंदाजे'. आईच्या नावाची प्रत 'प्रेमला': तिखट दोन चमचे. बायकोच्या नावाची प्रत 'इंद्रायणी': तिखट एक चमचा. याहून खात्रीचं भांडण जगात कुठं मिळणार?

दहाच्या सुमारास पुण्याहून त्याच्या टीम लीडरचा, उदयसिंहचा फोन आला. इअरफोन सापडेना म्हणून हृषीकेशनं स्पीकर लावला. समोरच प्रेमलाबाई सुपात शेंगदाणे निवडत बसल्या होत्या.

"हे बघ, दोन्ही ठेवता येणार नाहीत," उदयसिंह खणखणीत आवाजात म्हणाला. "प्रेमलाला काढ, इंद्रायणीला ठेव!"

"काढतो, सर."

"आणि काढल्यावर काही बोंबाबोंब होत नाही ना, ते बघ!"

सुपातले शेंगदाणे फरशीवर सांडले.

"काढ की! लगेच काढ!" प्रेमलाबाई उभ्या राहिल्या. एरवी त्या शुद्ध बोलत. राग आला की माहेर तोंडात यायचं. "जेऊरला जोतीरामचं घर काय पडलं न्हाय अजून! भावाकडं चालले मी, संध्याकाळच्या गाडीनं!"

"आई, तो फायलीबद्दल बोलत होता!"

"मला फायली शिकवतोस? जिल्हा परिषदेत जन्म गेला माझा. कुटल्या फायलीला प्रेमला म्हणत्यात?"

पुरावा म्हणून हृषीकेशनं स्क्रीन दाखवली. तिथं हिरव्यागार अक्षरांत लिहिलं होतं: 'भांडण सापडले. इंद्रायणी ठेवली. प्रेमला नाकारली. चाचणी उत्तीर्ण.'

"आणि वर उत्तीर्ण!" प्रेमलाबाई बॅग भरायला गेल्या.

घाबरून त्यानं उलटी चाचणी चालवली. 'प्रेमला ठेवली. इंद्रायणी नाकारली.' नेमकी तेव्हाच इंद्रायणी वाळलेले कपडे घेऊन मागं उभी!

"अस्सं! मोडनिंबला मला बघायला आलात, तेव्हा नाही नाकारलीत ती!"

"अगं, चाचणी आहे ही!"

"मुलगी दहावीला आली आपली, आणि अजून चाचण्या घेताय?"

दुपारी ताटात दोन वाट्या आल्या. एक चटणी लालभडक, एक फिकट. दोघींचे डोळे त्याच्या बोटांवर. हृषीकेशनं दोन्ही चटण्या दह्यात एकत्र कालवल्या आणि आपण फार मुत्सद्दी आहोत अशा समाधानात भाकरी मोडली. दोघी एकदम उठून गेल्या.

हात धुवून तो बाहेर आला. दारापाशी बॅग उभी होती. आईविना या घरात उखळाचा आवाज येणार नाही, आपल्याला न विचारता आपल्या ताटात कुणी भाकरी वाढणार नाही, हे त्याला पहिल्यांदाच सुचलं. लॅपटॉप डायनिंग टेबलावर तसाच उघडा टाकून तो आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

पाचला त्यानं शेवटची तपासणी चालवली. स्क्रीन लाल!

'चाचणी नापास. भांडण अपेक्षित होते. सापडले नाही.'

हृषीकेशनं डोळे चोळले. 'प्रेमला'ची प्रत उघडली: तिखट दीड चमचा. 'इंद्रायणी'ची उघडली: तिखट दीड चमचा. दोघांनी सारखाच बदल केला, तर मागोवा भांडण मानत नाही. कीबोर्डवर तिखटाची बोटं उमटली होती.

प्रेमलाबाई बॅग घेऊन रिक्षाची वाट बघत होत्या. "आई, दीड कुणी केलं?"

"मीच केलं," त्या दाराकडं बघत म्हणाल्या. "हिला ठसका लागतो. बोलत नाही, नुसती पाणी पीत बसते. जाता जाता तेवढं तरी नीट करून ठेवावं म्हटलं."

स्वयंपाकघरातून इंद्रायणी बाहेर आली. "आई, दीड तर मी केलं! एक चमचा घालत होते ते तुमच्या पित्तामुळं. पण तुम्ही तोंड वाकडं करून खाता, मला बघवत नाही."

"अगं, माझं तोंड आहेच तसं!"

खाली रिक्षाचा हॉर्न वाजत होता. इंद्रायणीनं बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. प्रेमलाबाईंनी खिडकीतून रिक्षावाल्याला हात केला. "जा बाबा! जेऊर रद्द!"

तेवढ्यात उदयसिंहचा फोन. "हृषी, लाल का झालंय?"

"सर, भांडण मिटलं."

"मग लाव की पुन्हा! आवृत्ती द्यायचीय!"

हृषीकेशनं दोघींकडं आशेनं पाहिलं. "कुणीतरी एक जण जरा दोन चमच्यांवर परत जाता का? तात्पुरतं?"

दोघींनी मिळून त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं मुकाट्यानं तिसरी प्रत काढली. नाव 'हृषीकेश': तिखट नको, साखर घालावी. समोर दोघींची दीड चमच्याची प्रत. बटण दाबलं.

प्रेमलाबाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं: "'भांडण सापडले. प्रेमला-इंद्रायणी ठेवली. हृषीकेश नाकारला. चाचणी उत्तीर्ण.'" मग सुनेकडं बघून म्हणाल्या, "आता बरोबर चालायला लागलं की गं मशीन!"

आवृत्ती वेळेवर गेली आणि तिच्यासोबत ही चाचणीही गेली. तेव्हापासून जगात कुठंही कुणी मागोवा तपासलं, की हृषीकेश एकदा नाकारला जातो. नाव बदलण्याचा प्रस्ताव त्यानं मांडलेला आहे. स्वयंपाकघरातून अजून मंजुरी आलेली नाही.