मल्लाप्पाचा पर्सन

मल्लाप्पा पेंटरला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, आणि त्या शब्दाची तो काळजी करी. अक्षर चुकेल ही ती काळजी नव्हे. घरातले माणूस परगावी गेले असता करावी तशी काळजी. तो शब्द म्हणजे ‘पर्सन’.

मी बेळगावात एका कचेरीत हेडक्लार्क होतो. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. तळ्यांवर, बागांत, पुलांवर सूचनांच्या पाट्या लावणे हे तिच्या अनेक कामांपैकी एक काम होते. मजकूर मी लिहून देई, पाटी मल्लाप्पा रंगवी. पाट्या इंग्रजीत असत. ज्यांच्यासाठी त्या लावल्या जात त्यांतल्या बहुतेकांना त्या वाचता येत नसत, पण त्याने काही अडत नसे. इंग्रजी पाटी दिसली की लोक आपण होऊन मागे फिरत.

मल्लाप्पालाही वाचता येत नसे. तो वडगावच्या विणकराच्या घरातला. घरात दोन माग. त्यांवर थोरला भाऊ आणि वहिनी. ह्याचा हात मागाच्या धोट्यापेक्षा ब्रशावर बसला होता. लुगड्याच्या काठावरची नक्षी उतरवावी तशी तो इंग्रजी अक्षरे उतरवून घेई. नक्षीत चूक सापडल्याचे मला स्मरत नाही. माझ्या एकाही इंग्रजी शिकलेल्या कारकुनाविषयी मला असे म्हणता आले नसते.

दोन-तीन वर्षे तो मुकाट्याने पाट्या रंगवीत होता. मग एके सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“सायेब, एक इचारू काय?”

“विचार.”

“ही सहा जनं परत्येक पाटीत येत्यात बगा. पयल्याच्या छातीला ढोल बांदलाय. पाचव्याचं त्वांड वाटोळं हाय. कोन हायत ही?”

मी कागद पाहिला. “पर्सन.”

“म्हंजे?”

“माणूस.”

परक्या गावात ओळखीचे कोणी भेटावे तसा त्याचा चेहरा झाला. “आनि ह्यो हितं काय करायलाय?”

“तळ्यात कपडे धुऊ नयेत असे त्याला सांगितले आहे.”

“बागंतल्या पाटीत?”

“फुले तोडू नयेत.”

“पुलावर?”

“थांबू नये.”

मल्लाप्पाने त्या सहा जणांवर बोट ठेवले. “मग त्यो करतोय तरी काय, सायेब?”

“कामाला लाग,” मी म्हणालो.

त्या दिवसापासून कचेरीची शांतता गेली. मजकूर हातात घेतला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “ह्यात पर्सन हाय काय?” असेल तर म्हणे, “आता काय केलं ह्यानं?” नसेल तर, म्हणजे पाटी नुसतीच ‘गाड्या सावकाश हाका’ अशा जातीची असेल तर, “आज सुटला बगा,” म्हणून समाधानाने रंगाचा डबा उचली. आमचे कारकून पुढे एकमेकांना हाच प्रश्न करू लागले. साहेबाने कोणाला आत बोलावले की बाहेर कुजबुज चाले, “आता काय केलं ह्यानं?” मी दोघांना ताकीद दिली. तिसरा मीच असतो. एकदा जीभ आवरली.

मल्लाप्पाच्या मते ह्या सर्व पाट्यांवरचा पर्सन एकच होता. कोणी एक अशक्त, भिडस्त, साध्या अंगरख्याचा गृहस्थ बेळगावात कामासाठी आला आहे, आणि जाईल तिथून त्याला उठवले जात आहे, असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे असावे. “काल कॅम्पाच्या फाटकातनं परत लावलं त्येला,” असे तो मला खालच्या आवाजात सांगे. लष्कराच्या कॅम्पातली पाटी त्याने दुसऱ्या ठेक्यात रंगवली होती. अक्षरे वाचता येत नसली तरी ती सहा जणे तो आता अर्ध्या फर्लांगावरून ओळखी.

एकदा मी त्याला तो शब्द नीट समजावून सांगितला. चुकीची समजूत टेबलासमोर उभी राहिलेली मला खपत नाही.

“हे पहा, मॅन म्हणजे पुरुष. पीपल म्हणजे लोक, पुष्कळ असतील तेव्हा. पर्सन म्हणजे कोणीही एक. पुरुष की बाई, जात कोणती, गाव कोणते, हे कायद्याला जेव्हा विचारायचे नसते तेव्हा पर्सन लिहितात.”

“जात इचारायची न्हाय?”

“नाही.”

“बाई का बाप्या, तेबी न्हाय?”

“नाही.”

“लई चांगला शब्द की हो!” मल्लाप्पा खरोखर हरखला. मग त्याच्या कपाळावर आठी चढली. “मग एवडा चांगला शब्द, आनि मनाई करायलाच काढत्यात व्हय भाईर?”

“कामाला लाग,” मी ह्याही वेळी म्हणालो.

पुढे एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने वखारीच्या पाट्यांसाठी त्याला निपाणीला बोलावले. चार दिवसांनी तो परत आला तो सरळ माझ्याकडेच.

“निपानीला गेलतो, सायेब. त्यो तितंबी आलता.”

“कोण?”

“पर्सन. वखारीच्या दारावर. काय लिव्हलंय इचारलं तर म्हनाले, हितं इडी वडायची न्हाय. आता बगा, तंबाकूची वखार! छपरापातुर तंबाकू भरल्याली. वासानं शिंका येऊन मी पाटी दोनदा पुसली. आनि ह्येला इडी वडायची न्हाय! मोटार संकेश्वरला थांबली तवा वाटलं, हितं तरी उतरून बसला आसंल. बगितलं. न्हाय.”

“तो कोठेही बसणार नाही. तो शब्द आहे.”

“तेच म्हनतोय मी. त्येनं बसायचं कुटं?”

त्यानंतर ती भानगड झाली. मोठ्या तळ्यावर नवी पाटी हवी होती. मजकूर नेहमीचा: कोणत्याही पर्सनने येथे कपडे अगर जनावरे धुऊ नयेत, धुतल्यास दंड होईल. पाटी लागली. तिसऱ्या दिवशी आमचे इंजिनिअरसाहेब घोड्यावरून तिकडून गेले. ते तसेच कचेरीत आले आणि मला घेऊन परत तळ्यावर गेले.

पाटीच्या मधोमध वीतभर उंचीच्या अक्षरांत, सोनेरी रंगात, कडेला लाल छाया देऊन ‘पर्सन’ असे लिहिले होते. मनाई, दंड, कपडे आणि जनावरे ही सर्व मंडळी खाली एका ओळीत मुंग्यांसारखी बसवली होती. तळ्यात पाच म्हशी डुंबत होत्या. साहेबाने विचारले, हा पर्सन कोण? येथला एखादा संस्थानिक आहे काय?

मी मल्लाप्पाला बोलावून घेतले.

“चुकलं काय, सायेब? अक्षर कुटं कमी हाय?”

“मापे निराळी का केलीस?”

“मानसाचं मोटं काडलं, दंडाचं बारीक काडलं. उलटं काडाय पायजे हुतं व्हय?”

मी लेखी हुकूम काढला: पाटीवरील सर्व अक्षरे एकाच मापाची असावीत. हुकूम मी त्याला वाचून दाखवला. साहेबाचे तेवढ्याने भागले नाही. पाट्यांचे काम त्याच्याकडून काढून दुसऱ्याला देण्यात आले. त्या कागदावर सही माझी होती. मला विचारले असते तर मी निराळे सांगितले असते; पण मला विचारले नव्हते, आणि मीही आपण होऊन बोललो नाही.

शेवटच्या दिवशी तो ब्रश, खडू लावलेली दोरी आणि सफेद्याचा उरलेला डबा परत करायला आला. तिन्ही वस्तू मी मोजून घेतल्या. तो गेला नाही.

“सायेब, जाताना एक मजकूर द्या.”

“कसला?”

“पर्सनला बसा म्हनून सांगनारा.”

“असा मजकूर कचेरीत नसतो.”

“म्हनूनच तुमास्नी मागायलोय. तुमी लिव्हलं तर हुईल.”

टेबलावर काम पडले होते. मी एका वापरलेल्या लिफाफ्याच्या पाठीवर चार-पाच शब्द खरडले: ‘एनी पर्सन मे सिट हिअर.’ कोणीही येथे बसावे.

त्याने कागद उलटा-सुलटा पाहिला. सहा जणे सापडली. “ह्यात मनाई कुटं हाय?”

“नाही.”

“कुटंच न्हाय?”

“नाही म्हणून सांगितले.”

त्याने लिफाफ्याची घडी केली, टोपीत ठेवली आणि तो गेला. मी पुढचा कागद ओढला.

मध्ये बरीच वर्षे गेली. लढाई आली, रेशन आले, मला पेन्शन लागले. लढाई संपता संपता पुतणीचे लग्न ठरले आणि लुगडे पाहण्यासाठी मी वडगावला गेलो. उन्हाची वेळ होती. गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांतून माग चालत होते. माझे गुडघे पूर्वीसारखे राहिले नव्हते. एका घरापुढे जांभळीच्या सावलीत लांब, गुळगुळीत लाकडाचा बाक दिसला. त्याकडे वळलो, तोच समोरच्या दारातून हाक आली.

“अवो अण्णा! हिकडं या, हिकडं. त्येच्यावर बसू नगासा!”

दारात एक म्हातारी बाई सुताच्या कांड्या भरीत बसली होती. गल्ली तिला तुळसाक्का म्हणे.

“का? कोणाचा बाक आहे?”

“मल्लाप्पा पेंटरचा. पर सरकारी हाय.”

“मल्लाप्पाचा असेल तर सरकारी कसा?”

“पाटी बगा की! इंग्रजी हाय. बसलं तर दंड करत्यात.”

“मल्लाप्पा काय म्हणतो?”

“त्यो म्हनतोय, बसा. रोज म्हनतोय. सनासुदीला तर हात जोडून म्हनतोय. पर त्येला इंग्रजी कुटं येतंय?”

“पाटी त्यानेच रंगवली ना?”

“रंगवली त्येनंच. वाचता येत न्हाय त्येला.” तिने आवाज उतरवला. “माजा जावई बसलता एकदा, मस्तीनं. दुसऱ्या दिवशी ताप आला. तवापासनं कोन न्हाय बसत. पाच-सा वरसं झाली की.”

“आणि मल्लाप्पाचा भाऊ?”

“ते समदे इचलकरंजीला गेले. तितं इजेचे माग आल्यात न्हवं. जुना माग हितंच टाकून गेले. त्याच मागाच्या लाकडाचा बाक केलाय ह्येनं. येकटा ऱ्हातोय. सांजच्याला दारात हुबा ऱ्हातोय, बाकाकडं बगत. लई भला मानूस हाय, पर डोस्कं जरा...” तिने हातातली कांडी हवेत फिरवली.

मी पाटीजवळ गेलो. वाक्य माझे होते. सोनेरी रंग थोडा उतरला होता. सर्व अक्षरे एकाच मापाची होती. माझा हुकूम त्याने पाळला होता. लहान काढावा असा एकही शब्द त्या ओळीत नव्हता.

मी बाकावर बसलो.

तुळसाक्काचा हात थांबला. शेजारचा माग थांबला, मग त्याच्या पलीकडचा. दारांतून डोकी बाहेर आली. गल्लीत एवढी शांतता झाली की आतल्या घरात काहीतरी पितळी पडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग मल्लाप्पा उंबऱ्यावर आला. केस पिकले होते. चष्म्याची एक काडी सुताने बांधली होती.

“सायेब?”

“बसलो आहे,” मी म्हणालो. “पाटीत तसे लिहिले आहे.”

तो चष्मा काढून पुसू लागला. पुष्कळ वेळ पुसत होता, म्हणून मीच विचारले, “मराठीत का लिहिले नाहीस? लोक केव्हाच बसले असते.”

“आसं कसं, सायेब? समदीकडनं त्येला इंग्रजीत उटवलंय. मग बसा म्हनायचं तेबी इंग्रजीतच म्हनाय पायजे. न्हायतर त्येला कसं कळंल?”

तुळसाक्का रस्ता ओलांडून आली होती. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. माझा कोट, काठी, चष्मा.

“खरंच बसा म्हनून लिव्हलंय व्हय, अण्णा?”

“मजकूर माझा आहे.”

“दंड न्हाय?”

“नाही.”

ती थोडी पुढे सरकली. “बाईमानसाला चालतंय?”

मी तोंड उघडण्यापूर्वी मल्लाप्पा म्हणाला, “पर्सनला बाई-बाप्या नसतंय, आक्का. जातबी नसतीया. कायद्यातच हाय तसं.”

तुळसाक्का बाकाच्या अगदी टोकाला बसली, केव्हाही उठून पळता यावे अशी. मग तिने पाय सैल सोडले. शेजारचा विणकर हात पुसत बाहेर आला. त्याला पाहून त्याच्या समोरचा आला.

मल्लाप्पा आत गेला आणि चहा घेऊन आला. घरात कप दोनच होते. एक त्याचा, कान तुटलेला. तो त्याने तुळसाक्काला दिला. दुसरा नवा होता. त्याच्या तळाला दुकानाने चिकटवलेला कागद अजून तसाच होता, मात्र पिवळा पडलेला. तो त्याने मला दिला.

साखर तेव्हा रेशनवर होती. त्या चहात आठवड्याची साखर असावी. मी चहा बिनसाखरेचा घेतो. त्या दिवशी तसे बोललो नाही. कप रिकामा केला आणि बसून राहिलो.