आत्मिक प्रौढतेचा दाखला

माणसाचं शरीर आपोआप वाढतं; आत्म्याच्या वाढीसाठी मात्र समिती लागते. मंठ्याच्या ख्रिस्ती मंडळीला हे सत्य जरा उशिरा कळलं, पण कळल्यावर तिनं वेळ दवडला नाही. पाळक कल्याणराव यांच्या अध्यक्षतेखाली ‘आत्मिक प्रौढता समिती’ नेमली गेली आणि कोण विश्वासात किती वाढलं, हे दरवर्षी रीतसर ठरू लागलं.

कसोट्या कडक होत्या. प्रार्थना लांब हवी, तीत आवाज भरून यायला हवा (शक्यतो माईक चालू असताना), आणि ‘मी तर धूळ आहे’ हे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला हवं. उत्तीर्ण झालेल्याला शाल, दाखला, आणि सतरंज्या उचलणं, झाडलोट, आजाऱ्याच्या घरी डबा पोचवणं असल्या प्राथमिक सेवांतून कायमची सूट. हे न्याय्यच होतं. मॅट्रिक झालेल्याला पुन्हा बालवाडीत कोण बसवतं?

बघता बघता मंडळी प्रौढ झाली. शेकडा अठ्ठ्याण्णव, असं समितीचं म्हणणं. (उरलेल्या दोन टक्क्यांचं नाव आसराबाई.) आसराबाई प्रार्थनेत पेंगायच्या. प्रवचन लांबलं की मोठ्यानं म्हणायच्या, “पाळकसाहेब, आटपा जल्दी, घरी दाळ चुलीवर हाये.” दरवर्षी नापास. साहजिकच सगळ्या सतरंज्या, सगळे झाडू आणि सगळे आजारी त्यांच्या वाट्याला आले.

आबाराव यंदाच पास झाले. ते एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. आवाज खणखणीत, त्यामुळे ‘धूळ’ सहज मागपर्यंत पोचली. दाखल्यासाठी नाव पुकारलं तसे ते नम्रतेनं डोळे मिटून व्यासपीठाकडे निघाले. नम्रतेत पायरी दिसली नाही. पाय मोडला. शाल त्यांना पडल्या जागीच पांघरण्यात आली.

आबाराव विधुर, मुलगा पुण्याला. प्लास्टर घालून घरी आले तर प्रौढांची रीघ लागली. एकानं या प्लास्टरबद्दल देवाचे आभार मानले. दुसऱ्यानं आबारावांच्या मनात काही लपलेलं पाप आहे का, याची आस्थेनं चौकशी केली. प्रत्येकानं डोळे मिटून दीर्घ प्रार्थना केली, आणि डोळे मिटलेले असल्यानं कोपऱ्यातलं भरलेलं लघवीचं भांडं कुणाला दिसलं नाही.

संध्याकाळी आसराबाई आल्या. भांडं उचललं, धुतलं, उशी पायाखाली सारली. पिठलं-भाकरी पुढं ठेवली. आबारावांना बायको गेल्यापासून असं कुणी वाढलं नव्हतं. त्यांचा आवाज भरून आला. माईक नव्हता.

“पिठलं तिखट झालंय,” ते डोळे पुसत म्हणाले.

“मिरची टाकलीच न्हाई मी,” आसराबाई म्हणाल्या. “खावा गुमान.”

“एक प्रार्थना तरी करा माझ्यासाठी.”

“करते की.” त्या भिंतीला टेकल्या, “देवा बापा...” म्हणाल्या आणि तिथंच घोरायला लागल्या. आबारावांना वाटलं, एवढी पोचलेली प्रार्थना आपण आजवर ऐकली नव्हती.

म्हणून समितीची बैठक त्यांच्या घरी भरली तेव्हा त्यांनी प्रस्ताव मांडला: आसराबाईंना प्रौढ जाहीर करावं. आसराबाई तेव्हा पडद्याआड चहा करत होत्या.

समिती गंभीर झाली. “भावना चांगलीय,” वंदनाताई म्हणाल्या. “पण त्या प्रौढ झाल्या तर मंग सतरंज्या कोण उचलंल?”

“आणि आबाराव,” पाळकांनी प्रेमानं विचारलं, “उद्या तुमची भाकरी?”

आबारावांनी प्लास्टरकडे पाहिलं. मग छताकडे. उद्या सकाळी भूक लागणार होती, हे बिलकुल खरं होतं.

“अजून थोडी वाढ बाकी असंल त्यांची,” ते हळूच म्हणाले. प्रस्ताव एकमतानं बारगळला. आबारावांनी मान खाली घातली. समितीच्या मते ही प्रौढतेचीच खूण होती.

आसराबाई चहा घेऊन आल्या. सगळ्यांना कप दिले. कप रिकामे होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग खुंटीवरची पिशवी घेतली.

“बहीण आजारी हाये जाफराबादला. जालन्याची यष्टी गाठते. कप तुम्हीच धुवा.”

“कधी येणार?” आबारावांनी घाबरून विचारलं.

“माझी वाढ झाल्यावर.”

समितीनं तत्काळ उभं राहून त्यांच्या प्रवासासाठी प्रार्थना केली. प्रार्थना उत्तम झाली. डोळे उघडले तेव्हा आसराबाई गेल्या होत्या आणि कप तिथंच होते. पाळकांनी वंदनाताईंकडे पाहिलं, वंदनाताईंनी आबारावांकडे, आबारावांनी प्लास्टरकडे.

ते कप कुणी धुवायला हवे होते, हे सुज्ञ वाचकांनी एव्हाना मनाशी ठरवलंच असेल. त्यात स्वतःचं नाव आलं नसेल, तर अभिनंदन. दाखला घरपोच येईल.