अट पुरी होईपर्यंत

आमचे शेजारी वसंतनाना पंचांगसुद्धा मधोमध उघडतात. हवी ती तिथी पुढे की मागे एवढे पाहून नको तो अर्धा भाग अंगठ्याखाली दाबतात आणि उरलेल्याचा पुन्हा मध्य गाठतात. "गुरुजी, याला बायनरी सर्च म्हणतात." एकादशी चार उघडझापीत सापडते, तोवर मी ती तोंडी सांगून चुकलेला असतो.

नाना धुळ्यात संगणक शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या घरच्या सत्यनारायणाला मी पूजा मांडत असताना त्यांनी सुवासिनींना वयाप्रमाणे बसवायला घेतले. "शेजारच्या दोघींचीच तुलना करायची, मोठी ती मागे. बबल सॉर्ट!" पहिल्याच जोडीने वय सांगण्यास नकार दिला. शिरा गार झाला.

स्वयंपाकघरात 'तूरडाळ' लिहिलेल्या डब्यात चिवडा निघे.

"गुरुजी, डबा म्हणजे व्हेरिएबल. नाव तेच, आतलं मूल्य बदलतं."

"आणि आमटीत चिवडा पडला, त्याला काय म्हणतात?" त्यांच्या पत्नी कमलअक्का विचारत.

"बग. म्हणजे प्रोग्रॅममधली चूक," नाना नम्रपणे सांगत.

गेल्या श्रावणात अक्का निवर्तल्या. दहाव्या दिवशी पांझरा नदीच्या काठी मी पिंड ठेवला, कावळा शिवेना. मृताची इच्छा अपुरी असली की असे होते, ही आपली श्रद्धा. नानांनी वही उघडली; आत अक्कांच्या इच्छांची यादी होती.

"गुरुजी, हा लूप आहे. अट पुरी होईपर्यंत एकेक वचन द्यायचं. कावळा शिवला की थांबायचं." मग पिंडाकडे वळून म्हणाले, "कमल, तुझ्या बहिणीला दिवाळीला आणीन."

कावळा मान वाकडी करून बसला.

"तुळशीला पाणी घालीन. रोज."

साक्रीहून आलेला मेहुणा कुजबुजला, "भाऊजी, बठ्ठं कबूल करी टाका. तो वाट देखी ऱ्हायना." सगळे एकदम कबूल करा, कावळा वाट पाहतोय, असे त्याचे म्हणणे.

सात वचने झाली. वहीत एकच ओळ उरली होती. "गुडघ्याचं ऑपरेशन करून घेईन. घाबरणार नाही."

कावळ्याने झडप घातली.

"ताईले हाईच जोयजे व्हतं," बहिणीला हेच हवे होते, असे म्हणत मेहुणा डोळे पुसत हसला. मंडळी उठली. मी पळीपंचपात्र आवरू लागलो. नाना मात्र वही मिटून तिथेच बसले होते.

"मंगळवारी भेंडी केली," ते सांगत होते. "करपली. तुझी हिरवी साडी धोब्याकडून आली. घडी मोडली नाही…"

"नाना," मी म्हणालो, "कावळा शिवला."

"पाहिलं, गुरुजी," ते म्हणाले आणि पुन्हा पाण्याकडे वळले. "शेजारच्या मांजरीला तीन पिल्लं झाली, कमल…"

विधी अजून संपला नसल्यासारखी पिशवीत घातलेली पळी मी बाहेर काढली आणि त्यांच्याजवळ बसलो.